तोंडी हरकत

आमच्या विकीच्या नियमांच्या पानावर अकरा नियम आहेत. त्यातले दहा माझे. अकरावा अण्णांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, आणि तो असा: 'हरकत तोंडी असली तरी ग्राह्य धरावी.' त्या नियमावरून मी त्यांचं डोकं खाल्लंय. इंटरनेटवर तोंडी हरकत म्हणजे काय, लोकांनी आपल्या गॅलरीखाली उभं राहून ओरडायचं का, असंही विचारून झालं. अण्णा म्हणायचे, "राहू दे गं. एक नियम माझा राहू दे." मी राहू दिला, कारण त्यानं काही बिघडत नव्हतं. तो वापरायची वेळ कोणावर येणार होती?

विकी म्हणजे काय ते आधी सांगते, कारण आमच्या नातेवाइकांना अजून वाटतं की मी घरून कसलंतरी कंपनीचं काम करते आणि त्याचा पगार लपवते. एक व्हिडिओ गेम आहे. दूरच्या कुठल्यातरी थंड देशातल्या चार माणसांनी बनवलेला. त्यात एक मोडकळीला आलेलं राज्य आहे, आणि खेळणारा त्या राज्याचा शेवटचा जासूद असतो. घोड्यावरून पत्रं पोचवत फिरायचं, एवढाच खेळ. मी टाळेबंदीत तो खेळायला घेतला आणि त्यातच अडकले. मग त्या राज्याची सगळी माहिती मराठीत लिहून ठेवायची म्हणून एक संकेतस्थळ काढलं: कोण राजा, कोण सरदार, कुठली नदी कुठं जाते, राक्षस काय खातात. तीच विकी. मी पस्तिशीची, कमावती, डोकं ठिकाणावर असलेली बाई आहे. राक्षस काय खातात हे मला तोंडपाठ आहे.

आता अशा ठिकाणी भांडणं होतात ती एकाच गोष्टीवरून: खरं काय धरायचं. खेळात एक दिसतं, त्या चौघांच्या कंपनीनं काढलेल्या माहितीपुस्तकात दुसरंच लिहिलेलं असतं, आणि खेळणाऱ्यांच्या मनात तिसरंच असतं. त्यातलं जे अधिकृतपणे खरं मानायचं, त्याला ह्या जगात कॅनन म्हणतात. ज्या शहराचं नाव कागदावर एक, जुन्या पाट्यांवर एक आणि रिक्षावाल्याच्या तोंडी गिऱ्हाईक बघून दोन्ही, त्या शहरात राहून मी तीन ओळींत कॅननचा निकाल लावून टाकला होता. कंपनी सांगेल ते पहिलं. पुस्तक दुसरं. खेळात दिसेल ते तिसरं. तुम्हाला काय वाटतं ते तुमच्यापाशी ठेवा.

हा कडकपणा माझा नोकरीतला. बिडकीनच्या एका कारखान्यात मी कागदपत्रं सांभाळते. यंत्राच्या भागाचं नवं ड्रॉइंग आलं की जुन्यावर लाल शिक्का मारायचा, 'रद्द', आणि मशीनमध्ये घालून त्याच्या शेवया करायच्या. जुनं ड्रॉइंग चुकून कुणाच्या हातात राहिलं तर चुकीचा भाग बनतो. त्यामुळं रद्द झालेल्या कागदाची मला मनापासून चीड आहे. घरी आईनं कालची यादी जपून ठेवली तरी माझा हात शिवशिवतो.

विकीवर माझ्याशिवाय नेमानं लिहिणारा एकच माणूस होता. मुकुंदवाडी स्टेशनजवळ त्याचं मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे. गेम माझ्यापेक्षा दसपट चांगला खेळतो आणि मराठी माझ्यापेक्षा दसपट वाईट लिहितो, पण भांडण आलं की दोघं सारखेच. एका रविवारी सकाळी तो आमच्या घरी पोहे खात बसला होता आणि उत्तरेचा पूल कोणी जाळला यावरून आमची जुंपली होती. तो म्हणत होता राजानं स्वतः जाळला. मी म्हणत होते राक्षसांनी.

"ताई, तुम्ही जाके तो देखो," तो म्हणाला. "पूल अंदर से जला है."

"पुस्तकात राक्षस लिहिलंय," मी म्हटलं. "विषय संपला."

अण्णा पेपर वाचत होते. निवृत्त होऊन त्यांना वर्ष झालं होतं. ते महसूल खात्यात मंडळ अधिकारी होते, आणि ज्यांना हे पद माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते: जमिनीच्या मालकीत बदल झाला की तलाठी त्याची नोंद घेतो, आणि ती नोंद खरी की खोटी हे मंडळ अधिकारी सही करून ठरवतो. तीस वर्षं लोक त्यांच्या सहीसाठी व्हरांड्यात बसून राहिले. आता त्यांची सही फक्त कुरियरवाला मागायचा, तीही बोटानं, मोबाईलच्या काचेवर. त्यांनी पेपर खाली केला आणि विचारलं, "नोटीस काढली का?"

"कसली नोटीस?"

"वाद आहे ना? मग नोटीस काढा. पंधरा दिवस हरकतीची मुदत द्या. हरकत आली तर सुनावणी घ्या. नाही आली तर प्रमाणित करा. असं पोहे खाऊन कुठं निकाल लागतात का?"

आई आतून म्हणाली, "झालं. ह्यांना दफ्तर सापडलं."

मी थट्टा म्हणून हो म्हटलं. पुढच्या रविवारी अण्णा इस्त्रीचा शर्ट घालून अकराच्या ठोक्याला लॅपटॉपसमोर बसले. त्यांनी स्थळपाहणी करायची ठरवली होती. मी आणि मोबाईलवाला पंच. खेळ इंटरनेटवरून एकत्रही खेळता येतो, तेव्हा आम्ही दोघांनी आपापले घोडे पुलापाशी उभे करायचे, अण्णांनी खेळातला माणूस चालवत पावलं मोजायची. त्यांना बटणं जमत नव्हती, दोनदा नदीत पडले. पण दुपारी त्यांनी जो पंचनामा लिहून टाकला तो अजून आमच्या विकीवरचं सगळ्यात जास्त वाचलं गेलेलं पान आहे.

'सदरहू पूल नदीवर असून त्याच्या पूर्वेस व पश्चिमेस नदीचे पात्र, दक्षिणेस राजरस्ता व उत्तरेस राक्षसांची वस्ती आहे. पंचांसमक्ष पाहणी केली असता लाकडे आतील बाजूने जळाल्याचे दिसून आले. राक्षस घटनास्थळी हजर होते, परंतु त्यांनी जबाब देण्यास नकार दिला. पाहणीदरम्यान पंच क्रमांक दोन यांस राक्षसाने ठार केल्याने त्यांनी पुन्हा जन्म घेऊन पंचनाम्यावर सही केली.'

लोक लई हसले. अण्णांना कळेना ह्यात हसण्यासारखं काय आहे. जसं घडलं तसं लिहिलं होतं. पण वाचणारे वाढले, आणि विकीचा कारभार बघता बघता मंडळ अधिकाऱ्याच्या कार्यालयासारखा चालायला लागला. चेटकिणीचं वय, राजाच्या तिसऱ्या राणीचं माहेर, सगळ्याला नोटीस, सगळ्याला पंधरा दिवस. सोळाव्या दिवशी अण्णा विचारायचे, "हरकत आली?" मी म्हणायचे, "नाही." मग ते दोन्ही तळहात टेबलावर ठेवून म्हणायचे, "मग प्रमाणित." ते म्हणताना त्यांचा चेहरा बघण्यासारखा व्हायचा. वर्षभर घरात जो माणूस दुधाच्या पिशव्या कात्रीनं कापण्यावरून आईशी वाद घालत होता, त्याला काम मिळालं होतं. मला बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू. माझी विकी त्यांनी बळकावली म्हणून रागही यायचा, पण बरं जास्त वाटायचं. त्याच काळात त्यांनी तो अकरावा नियम घातला. एवढा कागदाचा माणूस आणि तोंडी हरकत मागतो, म्हणून मी चिडवायचे.

आणि मग दक्षिणेचं शेत आलं.

खेळातल्या नकाशाच्या पार दक्षिण टोकाला एक शेत आहे. तिथं कुठलंही पत्र पोचवायचं नसतं, त्यामुळं तिकडं कोणी फिरकत नाही. त्या शेतात एक बाई पेरत असते. म्हणजे असायची. तिला नाव नाही. तिच्याजवळ जाऊन बटण दाबलं तर ती मान वर करून बघते, काही बोलत नाही, आणि पुन्हा पेरायला लागते. अण्णांना ती सापडली ती वाट चुकून. त्यानंतर महिनाभर ते रोज सकाळी चहा घेऊन तिथं जाऊन उभे राहायचे. खेळातले चारही ऋतू त्यांनी तिथं काढले. आई म्हणाली, "माझ्याकडं एवढं टक लावून कधी बघितलं नाही."

महिन्यानं त्यांनी पान लिहिलं: दक्षिणेच्या शेताची कब्जेदार सदरहू स्त्री आहे.

मी ते उडवलं. पुस्तकात स्पष्ट लिहिलेलं होतं की नदीच्या दक्षिणेची सगळी जमीन सरदाराची.

"सरदार कधी शेतात दिसला का तुला?" अण्णांनी विचारलं.

"पुस्तकात आहे, अण्णा."

"पुस्तक लिहिणारा शेतात गेला होता का?"

"पुस्तक लिहिणाऱ्यानंच ते शेत बनवलंय."

ते म्हणाले, "बनवलं असेल. पेरतं कोण?"

मोबाईलवाला फोनवर म्हणाला, "चाचा सही बोल रहे, ताई. मी पण देखा. ती एक दिवस सुट्टी नाय घेत." मी एकटी पडले. शेवटी तडजोड झाली. मालक सरदार, आणि खाली 'इतर हक्क' ह्या मथळ्याखाली ती बाई. अण्णा म्हणाले, "इतर हक्कात का होईना, लागली." नावाच्या रकान्यात लिहायला काहीच नव्हतं, आणि रकाना मोकळा असला की विकी तो आपोआप लपवते, त्यामुळं पान दिसायला नीटनेटकं दिसलं. नोटीस निघाली, पंधरा दिवस गेले, आणि अण्णांनी ते प्रमाणित केलं. मी इतकं समाधान त्यांच्या तोंडावर त्यांच्या निरोप समारंभातही पाहिलं नव्हतं.

साताठ महिन्यांनी, आठवड्याच्या मधल्या एका दुपारी, मोबाईलवाल्याचा मेसेज आला. खेळाची नवी आवृत्ती आली होती. त्यासोबत कंपनीनं सुधारणांची एक यादी दिली होती, आणि त्यात शेवटून दुसरी ओळ होती: नकाशाच्या टोकाला चाचणीसाठी ठेवलेली एक आकृती चुकून राहून गेली होती, ती काढून टाकली आहे.

मी कारखान्यात होते. ऑडिटवाले आले होते, टेबलावर फायलींचा ढीग, आणि मी जेवणाच्या सुट्टीत डबा एका हातात धरून ती ओळ वाचली. कंपनी सांगेल ते पहिलं. ती बाई नव्हतीच. चाचणीची आकृती होती. मी मोबाईलवरूनच विकी उघडली आणि ते पान काढून टाकलं. दोन घासांच्या मध्ये. मला त्यात काही वाटलं नाही. मी दिवसभर तेच करते.

दहा मिनिटांत अण्णांचा फोन आला.

"अगं, थांब. माझी हरकत आहे."

"अण्णा, ऑडिट चालू आहे. काय असेल ते चर्चेच्या पानावर लिहून टाका."

"ऐक तर. ती तिथं होती. मी पाहिलंय तिला."

"लिहून टाका म्हटलं ना. तोंडी सांगितलेलं कुठं ध्यानात ठेवू मी?"

मग ते म्हणाले, "लिहूनच पाहिजे का?"

"व्हय. लिहूनच पाहिजे."

"बरं," ते म्हणाले आणि फोन ठेवला. मी पुन्हा फायलींकडं वळले, आणि खरं सांगायचं तर जरा तावातच होते. काढलेली आकृती आणि हे हरकत घेतात.

संध्याकाळी कंपनीच्या बसमध्ये बसले. पैठण रोडला गर्दी होती. मोबाईल काढून चर्चेचं पान उघडलं. अण्णांनी लिहिलं होतं. मला वाटलं पावलांचा हिशेब असेल, ऋतूंचा तक्ता असेल. मी हसायच्या तयारीनंच वाचायला घेतलं.

'विषय: दक्षिणेच्या शेतातील स्त्रीची नोंद कमी केल्याबाबत हरकत.

निम्नस्वाक्षरीकार हे मंडळ अधिकारी म्हणून काम पाहत असताना पिशोर भागातील एका गावची वारस नोंद त्यांच्यासमोर प्रमाणित करण्यासाठी आली. नोंदीत मयताचे वारस म्हणून त्याच्या दोन भावांची नावे होती. कागदपत्रे बरोबर होती; त्यांत मयताच्या पत्नीचा उल्लेख नव्हता. नोटीस चावडीवर लावलेली होती. मयताची विधवा दोन वेळा कार्यालयात आली व शेत मीच पेरते, असे तिने तोंडी सांगितले. तिला अर्ज लिहून आणण्यास सांगण्यात आले. तिला लिहिता येत नव्हते. तिसऱ्या वेळी ती आली नाही. मुदतीत लेखी हरकत न आल्याने नोंद प्रमाणित करण्यात आली.

निम्नस्वाक्षरीकार त्या रस्त्याने मोटारसायकलवर जात-येत असत. सदर स्त्रीस शेतात पेरताना त्यांनी स्वतः पाहिले होते. पाहिलेले कागदावर नव्हते. पुढच्या हंगामात ती शेतात दिसली नाही.

तरी, एखादी व्यक्ती दिसत होती व नंतर दिसेनाशी झाली, एवढ्यावरून ती नव्हतीच असे समजू नये, ही विनंती.'

खाली त्यांचं पद लिहिलेलं होतं, आणि पदाच्या मागं कंसात 'निवृत्त'.

मी ते पुन्हा वाचलं. बसमध्ये शेजारची बाई विचारायला लागली, काय झालं, घरी सगळं ठीक आहे ना. मी म्हटलं, ठीक आहे. मला माझीच लाज वाटत होती आणि अण्णांचा संताप येत होता, दोन्ही एकदम. तीस वर्षं हा माणूस संध्याकाळी घरी येऊन आमच्याबरोबर जेवला, माझ्या वह्यांना कव्हरं घातली, आणि एक शब्द बोलला नाही. आणि दुपारी मी त्यांना काय म्हटलं होतं? लिहून टाका.

घरी पोचले तेव्हा अण्णा आणि आई टेबलाशी बसून मेथी निवडत होते. मी चप्पलसुद्धा काढली नाही.

"अण्णा, ती बाई कोण?"

त्यांनी विचारलं नाही कुठली. म्हणाले, "गेली ती कुठंतरी. माहेरी म्हणतात. मी चौकशी केली नाही. चौकशी करायला काय तोंड होतं." मग त्यांनी गट नंबर सांगितला. क्षेत्र सांगितलं, गुंठ्यापर्यंत. पूर्वेला कोणाचं शेत, पश्चिमेला ओढा, उत्तरेला गाडरस्ता, दक्षिणेला कोणाची विहीर, सगळं एका दमात, जसं काही सातबारा समोर ठेवलाय. आई त्यांच्याकडं बघत राहिली. तिलाही हे नवीन होतं.

"आणि नाव काय तिचं?" मी विचारलं.

अण्णांनी मेथीची काडी खाली ठेवली.

"तिला तिथं सगळे धाकली म्हणायचे."

"ते नाव नाही. नाव काय?"

"नाव अर्जावर असतं ना गं," ते म्हणाले. "अर्जच आला नाही."

आईनं त्यांच्यासमोरची मेथी आपल्याकडं ओढून घेतली आणि निवडायला लागली.

ते पान मी त्याच आठवड्यात परत आणलं. रद्द केलेलं काही परत आणायची माझी ही पहिलीच वेळ. कसं ठेवायचं ते अण्णांनी सांगितलं. जमिनीच्या कागदावर कमी केलेलं नाव खोडत नाहीत, त्याला कंस करतात, म्हणजे आधी इथं कोण होतं ते पुढच्याला वाचता येतं. म्हणून तिच्या पूर्ण नोंदीला कंस केला. पहिल्या नियमाखाली मी लिहिलं की कंपनीनं काढून टाकलेलं पात्र विकीवर कंसात राहील. आणि नावाचा रकाना विकी लपवत होती, तो लपू नये म्हणून दोन तास खटपट केली. आता त्या पानावर सगळ्यात वर 'नाव' असं लिहिलेलं आहे आणि पुढं मोकळा चौकोन आहे.

मोबाईलवाल्याचा लगेच फोन. "ताई, वो नाम का खाना खाली दिख रा. एरर आहे का?"

"नाय," मी म्हटलं. "तसंच राहू दे."

रीतीप्रमाणं नोटीस काढली. पंधरा दिवस. सोळावा दिवस रविवार होता. अण्णा इस्त्रीचा शर्ट घालून अकरा वाजता टेबलाशी येऊन बसले.

"हरकत आली?"

"नाही, अण्णा."

मी त्यांच्या तळहातांकडं बघत होते. त्यांनी ते टेबलावर ठेवले नाहीत.

"मुदत वाढव," ते म्हणाले.

मी पंधरा दिवस वाढवले. त्यानंतर पुन्हा वाढवले. आता दर दुसऱ्या रविवारी ते विचारतात, मी नाही म्हणते, आणि मुदत वाढते. नोटिशीच्या खाली मी अकरावा नियम ठळक अक्षरांत टाकलाय, आणि त्याच्याखाली आमचा घरचा फोन नंबर. आजवर त्यावर कोणाचा फोन आलेला नाही. रविवारी सकाळी मात्र अण्णा त्या फोनजवळच्या खुर्चीतच बसतात.